रविवारचा मेगाब्लॉक

शनिवारची नाइट संपली, ओव्हर दिला, ठाण्यातच उपासनेला बसले आणि डोंबिवलीला उतरले तेव्हा एक वाजत आला होता. मेगाब्लॉक होता. धीम्या गाड्या जलद रुळांवर वळवलेल्या, कळवा-मुंब्रा गाळलेलं, आणि सगळी गर्दी एकाच डब्यात कोंबल्यासारखी. उभ्याउभ्या झोपायला मी शिकले आहे. नर्सला ते यावंच लागतं.

बाई पूर्वेला राहतात, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. नगरकडच्या. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, आता गुडघे गेलेत. दर रविवारी त्यांच्याकडे जायचं, स्तोत्र वाचायचं, प्रार्थना करायची, आठवड्याच्या गोळ्यांचा डबा भरून द्यायचा आणि मग कल्याणला घरी. पाळकसाहेबांनी हे काम माझ्यावर सोपवलं त्याला दीड वर्ष झालं.

“बैस,” बाई म्हणाल्या. “आज वाचू नकोस.”

“का हो?”

“मागच्या रविवारी तेविसावं स्तोत्र वाचताना तीन जांभया दिल्यास. कुरणापर्यंत पोचलीस आणि डुलकी लागली. पुढचं मी मनात म्हटलं.”

मला आधी हसू आलं, मग राग. “म्हणजे येऊ नको?”

“असं म्हटलं का मी? वाट बघते मी तुझी. शनिवारपासून बघते. पण येते ती तू नसतेस, तुझा युनिफॉर्म येतो.”

“बाई, थकले म्हणून आजाऱ्याला भेटायचं नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं? मत्तय 25 तुम्हीच आम्हाला पाठ करायला लावलात. धाकट्यातल्या धाकट्याला भेटलात तर प्रभूला भेटलात.”

“तो अध्यायाचा शेवट. सुरुवात कोणी वाचायची? दहा कुमारी. शहाण्यांनी तेल दिलं का?”

“नाही दिलं. पण ती गोष्ट तेलाची नाहीच. जागं राहण्याची आहे.”

“जागं?” बाईंनी चष्मा वर केला, हा त्यांचा वर्गातला हावभाव असणार. “नीट वाच. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या होत्या. शहाण्यासुद्धा. झोपल्याबद्दल कोणाला बोल लागला नाही.”

इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी मी हरायला तयार नव्हते. “आणि त्याच अध्यायात मधली गोष्ट? नाणं पुरून ठेवलं म्हणून त्या दासाला बाहेर काढलं. तेल राखणं कुठलं आणि नाणं पुरणं कुठलं, ओळखायचं कसं? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. दार बंद.”

बाई बराच वेळ गप्प. खाली फुलवाल्याची आरोळी ऐकू येत होती.

“त्यानं का पुरलं?”

“धन्याला घाबरून.”

“आणि तू दर रविवारी येतेस ती कशाला घाबरून?”

“महिला मंडळाला,” मी म्हणाले, आणि दोघी हसलो. हसणं संपल्यावर मात्र उत्तर तिथंच राहिलं. त्यानं भीतीनं पुरलं, मी भीतीनं वाटते.

पण एवढंच खरं नव्हतं, आणि मी ते सांगितलं. वॉर्डात भेटीच्या वेळी एखाद्या खाटेजवळ कोणीच येत नाही. तो माणूस भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करतो. “ते सोंग मी रोज बघते. तुमच्या बाबतीत ते होऊ नये, एवढंच.”

“हे खरं,” बाई म्हणाल्या. “ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.” मग जरा थांबून, “तू स्मृतिचित्रे वाचलंयस ना? टिळकांनी हात मोकळा सोडायचा आणि घर लक्ष्मीबाईंनी चालवायचं. हसवतात त्या, पण कोणी किती सोसलं ते पानापानांत दिसतं. तुझ्या रविवारची किंमत कोण मोजतं?”

कल्याणला माझा दहावीतला मुलगा शनिवारच्या पोळ्या तापवून खात असणार. हे मी बोलले नाही. बोलले ते वेगळंच: “टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा ख्रिस्तायन अपुरं होतं. ते पुरं कोणी केलं? लक्ष्मीबाईंनीच. त्या म्हणाल्या का, तेल संपलं म्हणून?”

“1936 पर्यंत होत्या त्या. सतरा वर्षं. आणि पुस्तक छापून आलं 1938 मध्ये, त्यांच्याही मागे. तुला सगळं आजच्या रविवारी उरकायचंय.”

वर त्या रेल्वेवर घसरल्या. 1854 पासून ठाणे-कल्याण मार्गावर गाड्या धावताहेत, तरी रूळ दुरुस्त करायचे तर त्या थांबवाव्याच लागतात, आणि तेही रविवारीच. “पण आदल्या दिवशी जाहीर करतात. तू न सांगता रुळांवर गाडी दामटतेस.”

“लोक शिव्या देतात, बाई.”

“देऊ देत. सोमवारी गाडी येते ना?”

“उशिरा.”

“येते ना?”

शेवटी ठरलं ते असं: एका आड एक रविवार. नाइटनंतर कधीच नाही. मी विचारलं, “मधल्या रविवारी तुम्हाला चालेल?”

“नाही चालणार. एकटं वाटेल. तुला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणार नाही.” आणि मग, “आता त्या खाटेवर आडवी हो. तासभर.”

जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. अंगावर चादर होती, स्टुलावर झाकलेला चहा, आणि बाजूला गोळ्यांचा डबा, बाईंनी स्वतः भरलेला. मी सवयीनं झाकणं उघडत गेले. गुरुवारच्या खान्यात रक्तदाबाच्या दोन गोळ्या होत्या, शुक्रवारच्या खान्यात एकही नाही.

बाई खिडकीशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या. “बघ,” त्या म्हणाल्या, “जमलंय ना मला?”