हातची भेट

घरी आपल्या हातांनी केलेली वस्तू बाजारातून विकत आणलेल्या वस्तूपेक्षा भेट म्हणून श्रेष्ठ होय, हे मत सुशिक्षित कुटुंबांतून इतके सर्वमान्य झाले आहे की त्याविषयी शंका काढणे हा कृतघ्नपणाच ठरावा. शाळाशाळांतून मुलांकडून कागदाची भेटपत्रे करवून घेतात; दिवाळीचा आकाशकंदील घरीच करावा असा उपदेश होतो; आणि ज्या पालकांस कात्री धरण्याचीही सवय उरलेली नाही त्यांच्यासाठी ‘घरी करावयाचे’ साहित्य कापून, मोजून, डब्यांत भरून बाजारच विकू लागला आहे! या मतात तथ्य पुष्कळ आहे. परंतु ते नेमके कशात आहे, हा प्रश्न आम्हांस ग्रंथांमुळे पडला नाही. तो आमच्या स्वतःच्याच एका फजितीमुळे पडला. ती हकीकत पुढे येईलच.

आमचे बालपण प्रवरेच्या काठी नेवाशास गेले. त्या वेळी जिल्हा अहमदनगर म्हणून ओळखला जाई. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. संक्रांत जवळ आली की आमच्या मातोश्री पहाटे चार वाजता उठून शेगडीपाशी बसत. मंद निखाऱ्यांवर परात. परातीत मूठभर तीळ किंवा खसखस. त्यांवर पळीने पाकाचे चार थेंब सोडावयाचे आणि दाणे बोटांनी सारखे फिरवीत राहावयाचे. पाक वाळला की पुन्हा चार थेंब. दाण्यास काटा येण्यास थंडी लागते आणि धीर लागतो. घाईने पाक अधिक पडला की दाणे एकमेकांस चिकटून बसतात, किंवा काटा न येता गुळगुळीत राहतात. वाटीभर हलव्यास दोन-तीन पहाटा सहज लागत आणि बोटांची टोके लाल होत. मग तो हलवा दोऱ्यात गुंफून, पुठ्ठ्यावर बसवून त्याचे हार, बाजूबंद, मुकुट व्हावयाचे: नात्यातल्या एखाद्या नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी, नाहीतर एखाद्या तान्ह्याच्या बोरन्हाणासाठी. काळ्या झबल्यावर तो पांढरा साज घालून मूल पाटावर बसले, डोक्यावरून बोरे, चुरमुरे व उसाचे करवे ओतले गेले, भोवतालच्या पोरांनी ते वेचले, की समारंभ संपला. दागिने निम्मे त्याच दिवशी त्या मुलाच्या पोटात जात. उरल्यास मुंग्या लागत. तीन पहाटांच्या श्रमांचे आयुष्य एका संध्याकाळचे!

पुढे महाविद्यालयात आम्ही इमर्सनचा ‘गिफ्ट्स’ हा १८४४ साली प्रसिद्ध झालेला निबंध वाचला. देणाऱ्याच्या जीविताचा अंश जीत आहे तीच खरी भेट. कवीने कविता द्यावी, मेंढपाळाने कोकरू द्यावे, मुलीने स्वतः शिवलेला रुमाल द्यावा. दुकानातून आणलेली वस्तू कोरडी, असा त्याचा अभिप्राय आहे. मातोश्रींचा हलवा आठवून आम्ही तो अभिप्राय तत्काळ मान्य केला, आणि नंतर तीस वर्षे विद्यार्थ्यांस तोच सांगत आलो. आता फजितीकडे वळू.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या कन्येचा पाच वर्षांचा मुलगा पुण्याहून येणार होता. त्याच्यासाठी लाकडी बैलगाडी स्वहस्ते करावी असे आमच्या मनाने घेतले. जन्मभर लेखणीखेरीज हत्यार न धरलेला मनुष्य गल्लीतल्या सुतारापाशी जाऊन बसू लागला. सागवानाचे उरलेले तुकडे त्यानेच दिले. पटाशी कशी धरावी हेही त्यानेच शिकविले. चाकाचा तुंबा दोनदा फाटला, आरे समान अंतरावर बसेनात, अंगठा एकदा सोलून निघाला. सतरा दिवसांनी गाडी उभी राहिली. जू, साटा, सारे काही यथास्थित. नातवाने ती पाहिली, दोन वेळा अंगणात ओढली, आणि मग बापाने आणलेली विजेरीवर धावणारी तांबडी मोटार घेऊन तो दिवसभर ओरडत हिंडला. त्या रात्री आम्हांस खरोखर वाईट वाटले. इतकेच असते तर क्षम्य होते, परंतु दुसऱ्या दिवशी आम्ही त्यास विचारले, “काय रे, आजोबांची गाडी आवडली नाही का?” तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारले. चौथ्या दिवशी ते पोर आम्हांस पाहताच मोटार पाठीमागे लपवू लागले.

एका बालकास त्याच्या आनंदाची लाज वाटावयास लावणारी ती आमची ‘जीविताचा अंश’ असलेली भेट! बापाने मोटारीस पैसे मोजले आणि तो मोकळा झाला; त्याने मुलाकडे काहीच मागितले नाही. आम्ही मात्र सतरा दिवसांचे बिल रोज सादर करीत होतो. मराठीत हातचे राखून देणे म्हणतात, ते आम्ही अक्षरशः केले होते. गाडी दिली, पण ती करणारा हात तिच्यावरून काढला नाही. इमर्सनचा निबंध पुन्हा उघडला तेव्हा ध्यानात आले की, त्याच्या उत्तरार्धात देणाऱ्यास घेणारा सहसा क्षमा करीत नाही, हेही त्याने तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. आम्ही विद्यार्थ्यांस शिकविला तो पूर्वार्ध.

देणगी ही कधीच पूर्णपणे फुकट नसते, तिच्या पोटी परतफेडीचे बंधन असते, हा सिद्धांत फ्रेंच पंडित मार्सेल मॉस याने १९२५ मध्ये मांडला. आमच्याकडे तो आहेराच्या वहीत फार पूर्वीच नमूद आहे. लग्नात कोणी लुगडे दिले, कोणी ताट-वाटी दिली, हे मांडवातच टिपून घेतात व त्यांच्या घरचे कार्य निघाले की वही काढतात. या व्यवहारास कोणी हसू नये. वहीतले ऋण मोजता येते, म्हणून ते फिटते. परंतु रात्री जागून शिवलेल्या दुपट्याची, सोललेल्या अंगठ्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी? ज्याची किंमत होत नाही त्याची फेडही होत नाही. हातच्या भेटीचे मोठेपण ज्यात आहे, तिचा जाच नेमका त्यातच आहे.

मग मातोश्रींच्या हलव्यात तो जाच का नव्हता? प्रथम आम्ही असे उत्तर दिले की, त्या निष्काम होत्या. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा न धरता केलेल्या दानास जे सात्त्विक म्हटले आहे, ते त्या शेगडीपाशी बसून आचरीत होत्या. हे उत्तर घरात आम्ही मोठ्या समाधानाने बोलून दाखविले, तेव्हा आमच्या पत्नीने सुपारी कातरता कातरता एवढेच विचारले, “निष्काम होत्या, की त्यांना कोणी विचारलंच नाही?”

यावर आम्हांस बोलता आले नाही. दागिन्यांचा डबा जाई तो आमच्या वडिलांच्या नावाने. पत्र येई तेही त्यांच्याच नावाने, ‘आपण पाठविलेले दागिने पोचले’ असे. पहाटे चार वाजता उठणारीचे नाव देण्यातही नव्हते आणि घेण्यातही नव्हते. घरगुती कलेचे गोडवे गाणाऱ्या आम्हां पुरुषांनी हे ध्यानी घ्यावे की, ‘कुटुंबाने केलेली वस्तू’ असे आपण म्हणतो तेव्हा ती बहुधा त्या कुटुंबातील एकाच व्यक्तीने, इतर सर्व निजले असता केलेली असते. मातोश्रींस काय वाटे, हे त्या हयात असताना विचारले असते तर कळले असते. आम्ही काटा कसा येतो तेवढेच विचारले.

तथापि त्या डब्यामागे केवळ मुकाट्याची सक्तीच होती असे म्हणण्यासही आमचे मन धजत नाही, आणि याचे कारण नेवाशातच आहे. तेथील लाडमोड या पांढरीच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९६१ या अवधीत दोन टप्प्यांत उत्खनन केले. सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती त्यात उजेडात आली. ज्या जोर्वे संस्कृतीची ती वस्ती, तिचे नावही याच जिल्ह्यातील संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून पडले आहे. हे लोक दगावलेल्या लहान मुलांस दूर नेऊन पुरीत नसत. दोन मडकी तोंडास तोंड लावून, त्यांत ठेवून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ आढळली. मणी ज्या दोऱ्यात ओवले होते त्याचा अंश गंजलेल्या तांब्यास चिकटून टिकला, व तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस सापडला.

मणी कोणी केले, कोणी ओवले, ती माळ जिवंतपणी घातली की अखेरच्या वेळी, हे कोणासही सांगता यावयाचे नाही. पण ओवणारा हात कोणाचा तरी होताच. मातीखाली गेलेल्या त्या माळेबद्दल आभार येणार नव्हते, वाखाणणी होणार नव्हती, आणि ‘आवडली का’ असे विचारण्यास समोर कोणी राहणार नव्हते. तरीही दोरा ओवला गेला, आणि तो रेशमाचा होता. त्या टेकाडावरून आम्ही लहानपणी शेकडो वेळा धावलो असू. आता तिकडे जाणे झाले म्हणजे शेगडीपाशी बसलेली ती पाठमोरी आकृती व तो अज्ञात हात ही आमच्या मनात शेजारी शेजारी येतात. आम्ही अधिक तर्क करीत नाही.

गाडीचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. यंदा पोळ्यास नातू पुन्हा आला. कुंभाराकडून आणलेली मातीची बैलजोडी पूजेस मांडलेली पाहून त्यालाही बैल करण्याची हुक्की आली. परसातल्या ओल्या मातीचे ढीग त्याने आमच्या सागवानी गाडीत भरले आणि ते ओसरीपर्यंत ओढीत आणले. तिसऱ्या खेपेस डाव्या चाकाचे दोन आरे मोडले. आम्ही ते पाहिले आणि, हे लिहिताना थोडा अभिमान वाटतो, काही बोललो नाही. दुपारपर्यंत बैल झाला. त्यास पाय तीनच आहेत. चौथा करण्यापूर्वीच माती संपली. शिंगे मात्र गव्यासारखी. जाताना त्याने तो आमच्या हातावर ठेवला व पुस्तकांच्या फडताळात, काचेमागे, ठेवण्यास बजावले.

वाळून त्याच्या पाठीवर भेग पडली आहे. पुण्याहून दर रविवारी दूरध्वनी येतो. आजीची विचारपूस होण्यापूर्वी पहिला प्रश्न ठरलेला असतो: “आजोबा, माझा बैल आहे ना तिथंच?” आम्ही उठतो, फडताळापाशी जातो, आणि पाहून सांगतो.