आतून आणि बाहेरून डांबर



पावसाळी बंदी लागली की आपल्या बंदरावरचे चित्र पालटते. मोठ्या बोटी वर ओढून शाकारल्या जातात आणि छोट्या होड्या थेट घराच्या अंगणात येऊन बसतात. यंदा आपल्या धर्मग्रामात दोन घरांच्या अंगणात तर नव्या होड्याच आकार घेत आहेत. खाडीत जाळे टाकण्यापुरती, दोन माणसांची, चौदा फुटी होडी. घरभेटीच्या निमित्ताने दोन्हीकडे गेलो, चहा घेतला आणि अर्धा अर्धा तास नुसता बघत उभा राहिलो.

आपल्या आजोबांच्या काळी पठाण घालायचा, त्यावर बाभळीचे वाक उभे करायचे आणि सागवानी फळ्या जडवून सांध्यांत कापूस ठोकायचा. आता साग परवडत नाही, म्हणून मरीन प्लाय आणि त्यावर फायबर. प्लायचा तक्ता आठ फुटी, म्हणजे चौदा फुटांसाठी जोड आलाच. हा जोड टोकाला टोक लावून चालत नाही. दोन्ही कडा तिरक्या तासून एकावर एक चिकटवतात आणि तो उतार जाडीच्या आठपट ठेवतात. ६ मिलिमीटरच्या प्लायला ४८ मिलिमीटर. घाई करणारा वीसवर भागवतो. वरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक पहिल्या लाटेवर कळतो. विवाहपूर्व मार्गदर्शनाला एका शनिवारची सूट मागणाऱ्या तरुण जोडप्यांना मी यापुढे हे उदाहरण देणार आहे!

पण आज मला बोलायचे आहे ते होडी बिघडते कशी, याविषयी. आपण समजतो, होडीचा शत्रू समुद्र. अनुभवी सुतार वेगळे सांगतो. खारे पाणी लाकडाला सहसा कुजवत नाही, उलट कुजवणाऱ्या बुरशीला ते आवरते. लाकूड कुजते ते पावसाच्या गोड्या पाण्याने. शाकारणी नीट झाली नाही, कोपऱ्यात पाणी साचले, वारा लागला नाही, की पठाणालगतची फळी हळूहळू भुसभुशीत होते. वादळात टिकलेली होडी अंगणात कुजते. आपल्या घरांचेही असेच नाही का? संकटाच्या काळात, कोणाचे आजारपण असो वा दर्यावरचा अपघात, आपली घरे एकमेकांना घट्ट धरून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. तीच घरे पुढे सुखाच्या दिवसांत, कोणी वारा लागू न दिलेल्या एखाद्या शब्दावरून, जमिनीच्या चार हातांवरून आतून पोकळ होतात.

दुसरी गोष्ट गळतीची. तळाशी पाणी जिथे साचलेले दिसते तिथे भोक असतेच असे नाही. ते शिरते नाळेपाशी, वाकांच्या कडेने वाहत जाते आणि मागे गोळा होते. म्हणून जाणता माणूस साचलेल्या जागी लांबी फासत बसत नाही. तो होडी कोरडी करतो, जमिनीवर टेकू देऊन उभी करतो, आत थोडे पाणी ओततो आणि बाहेर कुठून थेंब येतो ते बघतो. “फादर, ह्यांची दारू सुटत नाही,” असे सांगत किती माताभगिनी माझ्याकडे येतात. त्यांचे दुःख खरे आहे आणि दारू वाईटच. पण ते साचलेले पाणी आहे. ते उपसायलाच हवे, त्याचबरोबर शिरले कुठून तेही शोधायला हवे. कर्ज? मेलेल्या भावाची आठवण? बापाने चारचौघांत केलेला अपमान? ते भोक आतूनच शोधावे लागते, आणि शोधणाऱ्याला गुडघ्यावर यावे लागते.

इथे एक सावधगिरी. वर्षभर उन्हात पडलेल्या फळ्यांच्या होडीचे सांधे उघडतात. ते बघून घाबरून कोणी कापूस ठासून ठासून भरला, तर पाण्यात गेल्यावर लाकूड फुगते, भरलेल्या कापसाला जागा उरत नाही आणि फळ्या खिळ्यांवरून सुटू लागतात, वाकसुद्धा तडकतो. जाणकार बेताचे भरतो आणि होडी एक-दोन दिवस उथळ पाण्यात भिजू देतो. आरंभी ती गळते, मग सांधे आपणच मिटतात. बऱ्याच दिवसांनी मिस्साला आलेल्या माणसाला पहिल्याच रविवारी “इतके दिवस कुठे होतास?” म्हणून धरणाऱ्या आपल्यातील काही उत्साही मंडळींनी हे लक्षात घ्यावे.

पवित्र शास्त्रातील पहिली होडी नोहाची. परमेश्वर त्याला लांबी, रुंदी, उंची सांगतो. पण त्याआधी सांगतो की तारवाला आतून आणि बाहेरून डांबर लाव (उत्पत्ती ६:१४). मूळ हिब्रू भाषेत या डांबरासाठी ‘कोफेर’ हा शब्द आहे, आणि लेपण्याची क्रिया ‘काफर’. पुढे याच धातुरूपाने प्रायश्चित्त हा अर्थ व्यक्त होतो. यहुद्यांचा ‘योम किप्पुर’, प्रायश्चित्ताचा दिवस, तो हाच शब्द. सेमिनरीत हे प्रथम ऐकले तेव्हा ती एक भाषिक गंमत वाटली होती. बंदरावरच्या धर्मग्रामात आल्यावर तिचे वजन कळले. केवळ बाहेरून लेपलेले तारू पुरात टिकले नसते.

आणि एक होडी. १९८६ च्या जानेवारीत, दुष्काळाने गालील सरोवराचे पाणी ओसरले असताना, गिनोसरजवळच्या चिखलात दोन भावांना एक जुनी होडी सापडली. सुमारे सव्वाआठ मीटर लांब, प्रभू येशूच्या काळाच्या आसपासची. ती प्रभूचीच होती असे म्हणायला काही आधार नाही आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. मला भावते ते हे, की तिच्यात दहाएक प्रकारची लाकडे निघाली. फळ्या प्रामुख्याने देवदाराच्या, वाक ओकचे, आणि बाकी जुन्या होड्यांतून काढलेले, मिळेल ते तुकडे. कोण्या गरीब कोळ्याने तिला वर्षानुवर्षे ठिगळे लावून चालवले होते. फळ्या बदलत गेल्या तर जहाज तेच राहते का, हा थीसियसच्या जहाजाचा प्रश्न आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात तासन्‌तास चघळला आहे. त्या गालीलकराला तो विचारला असता तर तो आमच्याकडे बघून हसला असता आणि जाळे उचलून निघाला असता.

आता जे सांगतो ते कुमसारातले नाही. त्या माणसाने ते स्वतः गावासमोर सांगितले, म्हणूनच लिहितो. मी दुसऱ्या धर्मग्रामात सहायक धर्मगुरू असताना एकाने आपली होडी विकली. पठाणालगतची फळी कुजली होती. स्क्रूड्रायव्हर टेकवला तरी आत जायचा. त्याने ती कोरली नाही, वाळवली नाही. लांबी भरली, वर फायबरचा एक हात, निळ्या रंगाचे दोन. ओल्या, कुजक्या लाकडावर फायबर धरत नाही, पापुद्र्यासारखे सुटते. दुसऱ्या आठवड्यात खाडीच्या तोंडाशी फळी गेली. होडीत घेणारा आणि त्याचा सतरा वर्षांचा मुलगा. रिकामे कॅन धरून दोघे तरंगत राहिले, मागून येणाऱ्या बोटीने उचलले. देवाची कृपा.

विकणारा माणूस आमच्या वडीलधाऱ्या फादरांकडे आला. “फादर, उपकाराची मिस्सा घाला, लागतील ते पैसे देतो.”

फादर म्हणाले, “मिस्सा घालू. तू आधी फळी घाल.”

पापक्षमेने पाप जाते, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप सुधारत नाही. ती शक्य तेवढी भरून द्यावी लागते, असे ख्रिस्तसभेचा श्रद्धाग्रंथ (परिच्छेद १४५९) शिकवतो. जक्कयाने हे कोणी न सांगता ओळखले. या माणसाला सांगावे लागले. तो पैसे घेऊन गेला, ते घेणाऱ्याने परत फेकले. मग तो हत्यारे घेऊन गेला. पहिले तीन दिवस त्या घरातले कोणी त्याच्याशी बोलले नाही. त्याने कुजलेला भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापून काढला, आणखी दीड फूट फळी गेली, नवी सागाची बसवली. चौथ्या दिवशी त्या घरच्या बाईने न बोलता चहाचा कप ओट्यावर ठेवला. पुढे मैत्री झाली असे मी म्हणणार नाही. पण मिस्सात शांती देण्याच्या वेळी ते एकमेकांकडे वळत. मुलगा मात्र त्या होडीत पुन्हा बसला नाही, आणि त्याला कोणी बळजबरी केली नाही.

होड्या पुन्हा पाण्यात लोटण्याआधी आपण नेहमीप्रमाणे बंदरावर त्यांना आशीर्वाद देऊ. त्याच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी पाचपासून मी कुमसाराला बसणार आहे. शेवटचा माणूस होईपर्यंत बसेन. ज्यांची होडी विकायची आहे त्यांनी ती घेणाऱ्यासमोर ठोकून दाखवावी. आणि अंगणात होडी बांधणाऱ्या दोन्ही घरांना विनंती: हवा दमट आहे तोवर फायबरची घाई करू नका, आशीर्वादासाठी मी पुन्हा येईन.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू