घर, गहाण आणि गृहस्थ

शास्त्रपाठ: नहेम्या ५:१–१३, लूक १४:२८–३०, यिर्मया ३२:६–१५



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून दरवर्षीं कांहीं तरुण कुटुंबें कल्याणच्या पलीकडे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या गांवांकडे जाऊन राहतात. कोणी अंबरनाथच्या कारखान्यांत कामास लागतो, तर कोणी रोज आगगाडीनें मुंबई गांठतो. बदलापूर स्टेशन मुंबईच्या मुख्य स्टेशनापासून सुमारें ६८ किलोमीटर दूर आहे. तरी घर तेथें मुंबईहून पुष्कळ स्वस्त मिळतें, म्हणून लोक हा प्रवास पत्करतात. भाड्याच्या खोलींत कांहीं वर्षें काढल्यावर एके दिवशीं गांवीं फोन येतो: "बाबा, आम्हीं येथें घर पाहिलें आहे. बँक कर्ज देते, पण पहिल्या रकमेस पैसे कमी पडतात." मग बापाची दृष्टि आपल्या शेताच्या तुकड्याकडे वळते. आजच्या आपल्या मननाचा विषय हाच आहे. ही संसाराची बाब आहे, हिला उपासनेंत जागा कशाला, असें कित्येकांस वाटेल. परंतु पवित्र शास्त्राला तसें वाटत नाहीं.

नहेम्याच्या दिवसांत यरुशलेमाचा कोट बांधण्याचें काम चाललें असतां लोकांत मोठी ओरड झाली. त्या ओरडींत स्त्रियांचाही आवाज होता, हें ग्रंथकारानें मुद्दाम लिहून ठेविलें आहे. कोणाच्या घरीं खाणारीं तोंडें पुष्कळ होतीं व धान्य नव्हतें. कोणीं दुष्काळांत शेतें, द्राक्षमळे व घरें गहाण टाकलीं होतीं. कोणीं राजाचा कर भरण्यासाठीं कर्ज काढलें होतें. आणि कित्येकांच्या मुली दास्यांत गेल्या होत्या. नहेम्या संतापला, परंतु प्रथम त्यानें मनांत विचार केला, मग सरदारांस बोलावून दोष दिला, मग सभा भरविली आणि घेतलेलीं शेतें व घरें, तसेंच पैक्याचा व धान्याचा शतांश, परत देण्यास लाविलें. हा शतांश म्हणजे दरमहाचें व्याज, असें पुष्कळ भाष्यकार समजतात. तसें असेल तर तें सालाचें शेंकडा बारा होतें. गांवांतील खाजगी सावकार दरमहा शेंकडा तीन मागतो, म्हणजे सालाचे छत्तीस. हा हिशेब किती जणांनीं केला आहे?

ही ओरड आपल्या महाराष्ट्रांतही ऐकूं आली आहे. सन १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी उठले व सावकारांचे दस्तऐवज त्यांनीं जाळले; पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस कर्जांतून वांचविण्यासाठीं सरकारास निराळा कायदा करावा लागला. तेव्हां गहाण ही वस्तु आपल्या वाडवडिलांच्या ओळखीची आहे. फक्त तिचें रूप पालटलें आहे. पूर्वीं शेत गहाण पडे, आतां जें घर अजून आपलें झालेंच नाहीं तेंच गहाण पडतें.

म्हणून सर्व कर्ज पाप आहे असें आम्ही म्हणतों काय? नाहीं. डोक्यावर छप्पर असावें ही इच्छा देवानेंच मनुष्याच्या मनांत घातली आहे. उल्हासनगराची हकीकत पाहा. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांस तिच्या बराकींत ठेवण्यांत आलें. ता. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्तें त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. आजही तेथील भाग कॅम्प एक, कॅम्प दोन अशा नांवांनीं ओळखले जातात. एका बराकींत पडदे लावून राहिलेल्या त्या लोकांस चार भिंतींची किंमत कोणी शिकवावी लागली नाहीं. घर हें चांगलें दान आहे. परंतु ज्या घरासाठीं घरांतील शांति विकावी लागते, तें दान नव्हे, ओझें आहे.

आम्हीं एक गोष्ट जवळून पाहिली आहे, ती नांवगांव न सांगतां लिहितों. एका मंडळींतील तरुणानें ह्याच भागांत घर घेतलें. बापानें दोन बिघे शेत विकून पैसे दिले. तरीही रक्कम कमी पडली, तेव्हां मुलानें बाहेरून जबर व्याजानें आणखी पैसे काढले, व ही गोष्ट त्यानें पत्नीपासून लपविली. घरीं प्रार्थनेस आम्हांस बोलावणें आलें. आम्हीं स्तोत्रें म्हटलीं, आशीर्वाद दिला, जेवलों आणि परतलों. दीड वर्षानें त्याचें काम सुटलें. हप्ते थकले, आणि मग तो उपासनेस येईनासा झाला. आम्हांस वाटलें, त्याचा विश्वास थंडावला. खरें कारण असें कीं त्याला लाज वाटत होती. अखेर पत्नीनेंच एका रात्रीं बँकेचें पुस्तक समोर ठेवून विचारलें, तेव्हां तो रडला व त्यानें सर्व सांगितलें. दोघांनीं मिळून, बँकेनें लिलांव करण्यापूर्वीं, घर स्वतः विकलें, सर्व देणें फेडलें, व तीं पुन्हां भाड्याच्या खोलींत गेलीं. शेत मात्र परत आलें नाहीं. त्या कुटुंबाचा दोष आम्ही मोजीत नाहीं. आशीर्वाद देण्यास गेलेल्या आम्हीं एक शब्दही विचारला नाहीं, हा दोष आमचा आहे. म्हणूनच हें लिहिणें.

आतां संसाराच्या एकेका टप्प्याचा विचार करूं.

पहिला टप्पा नवदांपत्याचा. प्रभूनें बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला, त्यांत तो मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करतो. तसे आपणही बसूं. समजा, वीस लक्ष रुपये कर्ज सालीना शेंकडा नऊ व्याजानें वीस वर्षांसाठीं घेतलें. मासिक हप्ता सुमारें १७,९९५ रुपये होतो. पहिल्या महिन्यांत त्यांपैकीं १५,००० रुपये व्याजांत जातात व मुद्दल केवळ २,९९५ रुपयांनीं कमी होतें. वीस वर्षांत एकंदर सुमारें ४३ लक्ष १९ हजार रुपये फेडावे लागतात. तेंच कर्ज पंधरा वर्षांत फेडावयाचें ठरविलें तर हप्ता सुमारें २०,२८५ रुपये होतो, म्हणजे दरमहा सुमारें २,२९० रुपये अधिक. परंतु एकंदरींत साडेसहा लक्षांहून अधिक रुपये वांचतात. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें तीस लक्षांपर्यंतच्या गृहकर्जांत बँक घराच्या किंमतीच्या शेंकडा नव्वदांहून अधिक देऊं शकत नाहीं, आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च सामान्यतः त्या किंमतींत धरीत नाहींत. हा सर्व भाग आपल्या गांठीचा असावा लागतो. तो गांठीस नसेल तर दोन वर्षें थांबून सांठवावें. थांबणें ही नामुष्की नव्हे. योसेफानें सुकाळाचीं सात वर्षें सांठवण केली म्हणून दुष्काळांत मिसर वांचलें. आणि हा हिशेब नवराबायकोनें एकत्र बसून करावा. जें कर्ज पत्नीस सांगण्यासारखें नाहीं, तें घेण्यासारखेंही नाहीं.

दुसरा टप्पा मुलें लहान असण्याचा. ह्या काळांत शाळा, औषध व आगगाडीचा पास हीं सर्व हप्त्याशीं भांडतात. म्हणून निदान सहा महिन्यांच्या हप्त्यांइतका पैसा निराळा ठेवल्यावांचून घरांत नवी वस्तु आणूं नये. हप्ता नव्वद दिवस थकला म्हणजे बँक तें खातें थकीत वर्गांत घालते, आणि मग सन २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणें साठ दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याकडे वळूं शकते. म्हणून संकट आलें तर पहिल्याच महिन्यांत बँकेंत जावें व स्पष्ट सांगावें. व्याजदर वाढला असतां हप्ता वाढवावा कीं मुदत, हें विचारण्याचा कर्जदारास हक्क आहे. रिझर्व्ह बँकेनें २०२३ सालीं तसें बजावलें आहे. सुकाळ आला तर मुद्दलांत जास्त भरावें. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीपूर्वीं फेड केल्याबद्दल बँक दंड घेऊं शकत नाहीं, हा नियम २०१२ पासून आहे.

तिसरा टप्पा मुलें वयांत येण्याचा. येथें मोह निराळा. अर्धें कर्ज फिटलेलें असतें, घराची किंमत वाढलेली असते, आणि त्याच घरावर बँक आणखी पैसे देऊं करते. त्या पैशानें लग्नाचा मांडव मोठा होतो. बंधुजनहो, मांडव दोन दिवसांत उतरतो, हप्ता दहा वर्षें उतरत नाहीं. मुलीच्या शिक्षणासाठीं विचारपूर्वक घेतलेलें कर्ज आम्ही समजूं शकतों. पंक्ति वाढविण्यासाठीं घेतलेलें कर्ज समजूं शकत नाहीं.

ह्याच वयांत जामीन राहण्याची पाळी येते. मंडळींतील भाऊ सही मागतो व नाहीं म्हणवत नाहीं. परंतु कायद्यानें जामीनदाराचें देणें ऋणकोच्या देण्याइतकेंच असतें. ऋणको चुकला तर बँक थेट जामीनदाराकडे येऊं शकते. नीतिसूत्रांचा कर्ता अशा मनुष्यास पारध्याच्या हातांतून हरिण सुटतें तसें सुटून जाण्यास सांगतो. जेवढें देऊन टाकण्याची तयारी असेल तेवढ्यालाच सही करावी.

चौथा टप्पा उतारवयाचा. येथें आम्ही गांवच्या मातापित्यांशीं बोलतों. मुलाला मदत करणें हें प्रेम आहे. परंतु स्वतःच्या भाकरीचा शेवटचा तुकडा विकून केलेली मदत पुढें मुलालाच ओझें होते. जें द्याल तें सर्व मुलांसमोर, लिहून द्या, म्हणजे पुढें भावंडांत वैर माजणार नाहीं. आणि मुलांनो, ज्या आईच्या दागिन्यांनीं तुमचा पहिला हप्ता भरला, तिच्यासाठीं त्या घरांत एक खाट असूं द्या. प्रभूनें वधस्तंभावरील वेदनांतही आपल्या आईची सोय एका शिष्याच्या घरीं केली.

आतां कागदांविषयीं. यिर्मयानें अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपें तोलून विकत घेतलें, तेव्हां नगर वेढ्यांत होतें. तरी त्यानें खरेदीखत लिहिलें, साक्षीदार घेतले, एक प्रत मोहोरबंद व एक उघडी ठेविली आणि दोन्ही मातीच्या भांड्यांत जपविल्या. देवाच्या वचनावर एवढा भरंवसा ठेवणाऱ्या संदेष्ट्यानें कागद सोडला नाहीं, मग आपण कां सोडावा? आपल्या ह्या भागांत तर ही सावधगिरी फार हवी. उल्हासनगरांत बेकायदा बांधकामें इतकीं झालीं कीं तीं नियमित करण्यासाठीं २००६ सालीं राज्यांत स्वतंत्र कायदा झाला. आणि मे २०२१ मध्यें तेथें दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसें मेलीं. म्हणून जमिनीचा सातबारा किंवा मिळकतपत्रिका, बांधकामाची परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र हीं वकिलास दाखवावीं. नवी इमारत असेल तर महारेराची नोंदणी पाहावी. नोंदलेल्या करारनाम्यावांचून बांधणाऱ्यास किंमतीच्या शेंकडा दहांहून अधिक रक्कम घेण्याची कायद्यानें मनाई आहे. कर्ज फिटल्यावर बँकेनें तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावे असाही नियम आहे. ते घेतल्यावांचून काम संपलें असें मानूं नये.

वाळूवर बांधलेल्या घराचा दाखला तर आपल्यापुढें उल्हास नदीच सांगते. २६ जुलै २००५ च्या पुरानें बदलापूर बुडालें. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली व हजारावर प्रवाशांस बाहेर काढावें लागलें. नदीकांठीं घर स्वस्त कां मिळतें, हा प्रश्न पावसाळ्यांत जाऊन विचारावा. शेजाऱ्याच्या भिंतीवरील पाण्याची खूण दलालाहून खरें बोलते.

शेवटीं उपदेशक बंधूंस विनंति. पुढच्या वेळीं नव्या घरीं प्रार्थनेस जाल तेव्हां जेवणापूर्वीं पतिपत्नीस बाजूस घेऊन प्रेमानें विचारा: हप्ता किती, उत्पन्न किती, बाहेरचें देणें आहे काय, व दोघांस सर्व ठाऊक आहे काय. आणि जो उपासनेस येईनासा झाला त्याच्या विश्वासाची परीक्षा करण्यापूर्वीं त्याच्या घरीं जा. अलीशाकडे एक विधवा आली, तिचीं दोन मुलें सावकार नेणार होता. अलीशानें तिला प्रथम विचारलें कीं घरांत काय आहे. तेल मिळाल्यावरही त्यानें तिला आधीं देणें फेडावयास सांगितलें, मग उरलेल्यावर उपजीविका करावयास सांगितलें. विचारणें, फेडणें, जगणें, हा क्रम आपल्या मंडळ्यांत राहो; आणि ज्या घरांत हप्त्याच्या तारखेची भीति आहे, तेथें आपलीं पावलें त्या तारखेच्या आधीं पोहोंचोत. आमेन.