सातबाऱ्यावर तिचं नाव

आत्ता या घडीला कितीतरी बाया भाकरीचं गाठोडं घेऊन शेताची वाट चालत असतील. खुरपणी, लावणी, कापूसवेचणी ही कामं बहुतांशी त्यांच्याच हातची. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बोटं सोलवटतात आणि संध्याकाळी त्याच बोटांनी पीठ मळायचं असतं.

पण सातबाऱ्यावर बाईचं नाव नसेल, तर पीककर्जासाठी किंवा गारपिटीच्या भरपाईसाठी तिला दारात कोण उभं करणार? घरधनी गेल्यावर तर ही अडचण डोंगराएवढी होते.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं हे दुखणं ओळखलं. १९८६ मध्ये चांदवडच्या अधिवेशनाला शेतकरी बाया मोठ्या संख्येनं जमल्या. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपखुशीनं बायकोच्या नावे जमीन केली. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेवर मुलीलाही मुलाइतकाच हक्क मिळाला.

कायदा आहे, वाट मळलेली आहे. आता मन मोठं करायला हवं. आज आपला सातबारा काढून बघा. घरच्या बाईचं नाव नसेल, तर ते कसं लावायचं, हे तलाठ्याला विचारा. जी राबते, तिचा जमिनीवर हक्क असलाच पाहिजे.