आज्ञेने केलेले प्रेम

नोव्हेंबर महिन्यातील एका रविवारी इंग्लंडमधील अनेक यहुदी सभास्थानांच्या आवारात सकाळपासून लगबग सुरू होते. कोणी बेघरांसाठी स्वयंपाक करीत असतो, कोणी दुकानांच्या दाराशी उभे राहून गरजू कुटुंबांसाठी तांदूळ, डाळी व डबाबंद अन्न गोळा करतो, कोणी उद्यानातील कचरा उचलतो, कोणी झाडे लावतो. लहान मुले एकाकी वृद्धांसाठी शुभेच्छापत्रे रंगवितात, तर वृद्धाश्रमातील आजीबाई कोणा अनोळखी बाळासाठी लोकरीची टोपी विणीत बसलेल्या असतात. या दिवसाला 'मित्झ्वा दिन' म्हणतात. अमेरिकेतील यहुदी मंडळींमध्ये ही प्रथा आधीपासून होती. लॉस एंजेलिसमधील 'टेंपल इस्रायल ऑफ हॉलिवूड' या मंडळीने १९९९ साली असा दिवस पाळला आणि पुढे त्यातूनच सर्वधर्मीयांना सामावून घेणारा 'बिग संडे' हा उपक्रम उभा राहिला. इंग्लंडमध्ये लॉरा मार्क्स या महिलेने ही कल्पना रुजविली व २००८ पासून तिला देशव्यापी रूप आले. या दिवसाचा एक दंडक आम्हांला विशेष वाटतो. त्या दिवशी पैसे गोळा करायचे नाहीत. द्यायचा तो आपला वेळ आणि आपले हात.

वाचकांपैकी अनेकांच्या मनात येथे एक शंका उभी राहील. ती आमच्याही मनात होती. तारीख ठरवून, सभास्थानाच्या फलकावर नावे लिहून केलेले सत्कृत्य हे खरोखर सत्कृत्य असते काय? प्रेम हे मनाच्या उमाळ्यातून यावे, ते दिनदर्शिकेवरून कसे यावे? शिवाय उजव्या हाताचे दान डाव्या हातालाही कळू नये, असे आपल्या प्रभूने शिकविले आहे. मग शेकडो माणसांनी मिळून, उघड्यावर, गाजावाजा करून केलेल्या सेवेचे मोल ते काय?

या शंकेचे उत्तर शोधण्यापूर्वी 'मित्झ्वा' या शब्दाकडे पाहणे इष्ट ठरेल. व्यवहारात त्याचा अर्थ 'सत्कृत्य' असा केला जातो, परंतु मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ आहे 'आज्ञा'. यहुदी परंपरा अशा ६१३ आज्ञा मोजते. शेताच्या कडेचे पीक कापू नये, गळलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावीत, ही लेवीय पुस्तकातील आज्ञा त्यांपैकीच एक. दानासाठी त्यांचा शब्द आहे 'त्झेदाका', आणि त्याचे मूळ 'न्याय' या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे शेताचा कोपरा गरिबासाठी सोडणारा शेतकरी औदार्य दाखवीत नाही. जे मुळातच त्याचे नव्हते ते तो धन्याच्या आज्ञेने सोडून देतो. घेणाऱ्याने त्याचे उपकार मानण्याचे कारण उरत नाही. आपल्या दारी आलेल्या गरजूच्या मनाचा विचार केला, तर ही केवढी मोठी सोय आहे!

तालमूद या यहुदी ग्रंथात एक प्रसंग आहे. अश्कलोन येथे दामा बेन नेतिना नावाचा एक मनुष्य राहत असे. तो यहुदी नव्हता. एकदा त्याला मोठ्या नफ्याचा सौदा चालून आला, परंतु पेटीची किल्ली झोपलेल्या पित्याच्या उशाखाली होती. पित्याची झोप मोडू नये म्हणून त्याने तो सौदा सोडून दिला. या परधर्मीय पुत्राची धर्मगुरूंनी मोकळ्या मनाने स्तुती केली. परंतु त्याच ठिकाणी रब्बी हनिना यांचे मत नोंदलेले आहे की, आज्ञा नसताना सत्कृत्य करणाऱ्यापेक्षा आज्ञा आहे म्हणून करणारा श्रेष्ठ होय.

हे मत प्रथमदर्शनी उलटे वाटते. आपण तर स्वयंस्फूर्तीलाच वरचे स्थान देतो. परंतु थोडे आत डोकावून पाहिले की त्यातील खोच कळते. जे स्वेच्छेने करावयाचे, त्यात मन आपल्या सोयीने वागते. ज्याला द्यावेसे वाटते त्यालाच आपण देतो, ज्याच्याकडे पाहून किळस येत नाही त्याचीच सेवा करतो, आणि उमाळा ओसरला की थांबतो. आज्ञा मात्र मनाच्या लहरीला विचारीत नाही. आज्ञा ऐकताच मन कुरकुरते, सबबी शोधते आणि त्या कुरकुरणाऱ्या मनाला ओढून कामाला जुंपावे लागते. आज्ञाधारकाचे श्रम दुप्पट असतात.

आपण ख्रिस्ती लोकांना हे परके वाटण्याचे कारण नाही. शेजाऱ्यावर प्रेम करण्याचे वचन लेवीय पुस्तकातून आले आहे आणि तेथे ते आज्ञा म्हणूनच आले आहे. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतल्यानंतर परस्परांवर प्रेम करण्यास सांगितले, ते सल्ला म्हणून नव्हे तर नवी आज्ञा म्हणून. मत्तयच्या शुभवर्तमानातील दोन पुत्रांचा दाखलाही आठवावा. पहिल्याने मळ्यात जाण्यास साफ नकार दिला, पण नंतर तो गेला. दुसऱ्याने गोड शब्दांत होकार दिला आणि तो गेलाच नाही. त्या पहिल्या पुत्राचे मन मळ्याच्या वाटेवर किती प्रसन्न होते, हे शुभवर्तमान सांगत नाही. तो गेला, एवढेच सांगते.

तेव्हा ठरलेल्या दिवशी केलेली सेवा खोटी, हा आक्षेप आमच्या मते टिकत नाही. परंतु दुसरा एक आक्षेप याहून कठीण आहे, आणि तो आम्ही पुस्तकात वाचलेला नाही.

काही वर्षांपूर्वी आगमनकाळात धर्मग्रामातील मुलांना घेऊन आम्ही एका वृद्धाश्रमात गेलो होतो. बरोबर केळी, बिस्किटे व ब्लँकेटे होती. मुलांनी नाताळची गाणी म्हटली, सर्वांची छायाचित्रे काढली गेली. निघताना एका आजीने आमच्यातील एका मुलीचा हात धरला आणि विचारले, "बाय, परत कवा येशील?" मुलगी गोंधळून आमच्याकडे पाहू लागली. आम्ही तिच्या वतीने सांगून टाकले, "लवकरच येऊ." पुढील वर्षभरात आम्ही गेलो नाही. पुन्हा आगमनकाळ आला, आम्ही पुन्हा केळी व बिस्किटे घेऊन गेलो, तेव्हा त्या खाटेवर दुसऱ्याच कोणी बाई होत्या. ती मुलगी त्या खाटेपाशी थांबली, काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही.

त्या दिवशी आम्ही मुलांना दया शिकविली, की वर्षातून एकदा दया करून मोकळे होण्याची रीत शिकविली? आणि आमच्या मुलांच्या धड्यासाठी त्या आजीचा आम्ही फळा तर केला नाही ना? सेवादिनातील खरा धोका हा आहे. दिवस साजरा झाला की कर्तव्य पार पडल्याचे समाधान मिळते, आणि ते समाधानच उरलेल्या ३६४ दिवसांच्या आड येते.

या प्रश्नावरही यहुदी विचारवंतांनी पुष्कळ चिंतन केले आहे. बाराव्या शतकातील थोर पंडित मायमोनिडीस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. नाखुशीने देणे ही सर्वांत खालची पायरी, परंतु तीही पायरीच आहे, तिला त्याने शिडीबाहेर टाकलेले नाही. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, ही बरीच वरची पायरी. सर्वांत वर मात्र त्याने गुप्तदान ठेवले नाही. गरजूला कर्ज द्यावे, धंद्यात भागीदार करावे, काम मिळवून द्यावे, जेणेकरून त्याच्यावर पुन्हा मागण्याची पाळी येऊ नये, हे त्याने शिखरावर ठेवले. एका दिवसात खालच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवता येते. शिखर गाठायला वर्षे लागतात.

तालमूदमध्ये आणखी एक नियम आहे. जो स्वतः दानावर जगतो, त्यानेही त्यातून काही दान करावे. मित्झ्वा दिनी वृद्धाश्रमातील आजीच्या हाती लोकर दिली जाते, त्यामागे हाच विचार आम्हांला दिसतो. त्या दिवशी ती कोणाच्या दयेचा विषय नसते, तिच्यावरही आज्ञा असते. सर्व वयांच्या माणसांना एकत्र बोलाविण्याचे मर्म आम्हांला येथे सापडले. चार वर्षांच्या बालकाला आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या वृद्धेला एकाच आज्ञेखाली उभे केले की देणारे व घेणारे ही भिंत काही काळ तरी पडते. आम्ही त्या आजीसाठी केळी नेली. तिला काय करता येते, हे आम्ही विचारले नाही.

या समाजाशी आपले नाते दूरचे नाही. प्रभू येशू, पवित्र मरिया व प्रेषित याच लोकांतून आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'नोस्त्रा एताते' या घोषणेद्वारे या नात्याची आपल्याला पुन्हा जाणीव करून दिली. कोकणच्या किनाऱ्यावर तर शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे मराठी बोलणारे 'शनिवार तेली', म्हणजेच बेने इस्रायल, शतकानुशतके आपले शेजारी होते. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत बांधलेल्या त्यांच्या पहिल्या सभास्थानाच्या नावाचा अर्थच 'दयेचे द्वार' असा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ पासून नोव्हेंबरमधील एका रविवारी 'जागतिक गरीब दिन' पाळण्यास सांगितले. शब्बाथला श्रम वर्ज्य म्हणून यहुदी मंडळी रविवारी कामाला निघतात, आणि आपण ख्रिस्तयाग आटोपून त्याच महिन्यातील रविवारी गरिबांचे स्मरण करतो.

तेव्हा सेवादिन असावा की नसावा, असा प्रश्न आता आम्हांला पडत नाही. असावा. मनाला वाट पाहण्याची सवय असते, आणि उमाळ्याची वाट पाहत बसलेली माणसे बहुधा घरीच बसतात. परंतु त्या दिवसाने आपल्याला कोणाच्या तरी नावाशी बांधून घ्यावे. संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद, १८३३ साली पॅरिसमध्ये झालेल्या स्थापनेपासून, गरिबांच्या घरी स्वतः भेटी देत आले आहेत. एका घरी पुनःपुन्हा जाणे, तेथील माणसांना नावाने ओळखणे, ही साधी रीत आपल्या धर्मग्रामांत आहेच. मुलांना तिच्यात सामील करून घेणे आपल्या हाती आहे. वृद्धाश्रमात जाण्यापूर्वी तेथील माणसांना काय हवे आहे आणि त्यांना काय देता येईल, हे विचारणेही आपल्या हाती आहे.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी ती त्या वृद्धाश्रमात जाते. कधी कधी कंटाळा येतो, असे ती स्वतःच सांगते. गेल्या महिन्यात तिने आम्हांला सोबत येण्याविषयी विचारले. या खेपेस आम्ही 'लवकरच' म्हटले नाही, तारीख विचारून घेतली.