बेरीज की बाजू

मंगळवार पेठेतल्या एका निवृत्त गणिताच्या मास्तरांकडं त्यांची इंजिनिअरिंगला असलेली नात मेरुप्रस्ताराचा प्रोग्राम घेऊन आली. हलायुधानं दहाव्या शतकात पिंगळाच्या छंदःसूत्रावरच्या टीकेत मांडलेला हा अंकांचा डोंगर. जग त्याला पास्कलचा त्रिकोण म्हणतं. शिखरावर १, खाली प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज. शिवाय डावी बाजू उजवीसारखीच: १, ५, १०, १०, ५, १.

"आजोबा, शिखराच्या वर काय?"

मास्तरांनी चौकटीची वही ओढली. डावीकडं सगळी शून्यं धरून बेरीज उलटी चालवली. वरची ओळ आली १, −१, १, −१… मास्तर खूश.

नातीनं लॅपटॉप फिरवला. त्यावर केनेथ आयव्हर्सन यांच्या संगणकभाषा: एपीएलचं पुस्तक १९६२ चं, म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या वयाचं. त्याच घराण्यातली 'जे' ही भाषा १९९० ची. डोंगरातलं प्रत्येक घर म्हणजे ओळीच्या क्रमांकाएवढ्यांतून घराच्या क्रमांकाएवढे निवडायच्या रीती, मोजणी शून्यापासून. दोन्ही भाषांत या निवडीचं चिन्ह आपलं साधं उद्गारचिन्ह. उणे एकातून उणे एक निवडा म्हटलं, तर मास्तरांचं उत्तर ०, यंत्राचं १.

"चुकलं तुझं यंत्र. शेजारच्या घरातही १ आहे. दोन्ही मिळून २, आणि खाली शिखरावर तर १ च."

"पण तुमची ओळ एका अंगानं रिकामी. यांनी बाजू सारख्या राखल्यात: …१, −१, १, १, −१, १… उणे एकाचं क्रमगुणित अनंत, अंशात आलं, छेदात आलं, काटलं."

"अनंत काटलं! माझ्या वर्गात असतीस तर बाकावर उभी केली असती."

तरी त्यांनी तांबडं पेन काढून तिच्या तक्त्यातली घरं तपासायला घेतलीच. परीक्षकाची खोड ती! जिथं हात घालावा तिथं बेरीज बरोबर. फुली पडली ती फक्त शिखरावर. मग स्वतःच्या तक्त्यात बाजू पडताळल्या. शिखराच्या वर एकही ओळ जुळेना.

"खाली दोन्ही नियम सख्ख्या भावांसारखे नांदतात," मास्तर म्हणाले, "नि शिखर ओलांडलं की वाटणी मागतात."

"मग मी कुठला धरू?"

"कुठलाही धर. पण प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत लिही: बाजू राखल्या, शिखरावरची बेरीज सोडली."

"आणि ज्याला बेरीजच हवी त्यानं?"

"त्यानं संगणकशास्त्रज्ञ क्नूथचं पुस्तक उघडावं. तो डावीकडं शून्यंच ठेवतो."

"मग तुमच्या वहीतही लिहा की, आजोबा."

मास्तरांनी चष्म्यावरून एकदा तिच्याकडं पाहिलं, आणि तांबड्या पेनानंच वर लिहिलं: बेरीज राखली, बाजू सोडल्या.