वचनाची मर्यादा

दिलेला शब्द पाळावा, हा नीतीचा पहिला धडा मानला जातो. परंतु दोघांनी परस्परांना दिलेल्या वचनाचा भार जेव्हा तिसऱ्यावर पडतो, तेव्हा ते कोठवर बंधनकारक मानावे, हा प्रश्न व्यापारी संकुलांच्या भाडेपट्ट्यांत ठळकपणे उभा राहतो. या पट्ट्यांत पुष्कळदा अनन्य वापराचे कलम असते, म्हणजे एका गाळेधारकाचा जो धंदा आहे, तोच धंदा करणाऱ्या दुसऱ्याला त्या संकुलात जागा न देण्याची हमी मालक लिहून देतो.

उत्तर आयर्लंडमधील लंडनडेरी येथे १९८०च्या सुमारास एका जमीनमालकाने डन्स स्टोअर्स या दुकानसाखळीला ९९९ वर्षांच्या पट्ट्याने जागा देताना, उरलेल्या जमिनीवर कापड किंवा किराणा विकणारा ३,००० चौरस फूट वा त्याहून मोठा गाळा होऊ न देण्याचे मान्य केले. पुढे, व्यापाराला अवाजवी आडकाठी करणारा करार अंमलात आणता येत नाही, या जुन्या न्यायतत्त्वाच्या आधारे ते बंधन झुगारण्याचा प्रयत्न झाला. परंतु अशी बंधने व्यापारी समाजाच्या रूढ घडणीचाच भाग असल्याने ते तत्त्व येथे लागू होत नाही, असा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

या कलमामागे न्याय्य कारण आहे, कारण ज्या मोठ्या दुकानाच्या ओढीने गिऱ्हाईक येते, त्याने आरंभीची जोखीम घेतल्यावाचून संकुल अनेकदा उभेच राहत नाही. तथापि एखादी गोष्ट रूढ आहे एवढ्यावरून ती न्याय्य ठरत नाही. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये व्यापाराला सामाजिक कृती म्हटले, ते त्याचा परिणाम करार करणाऱ्यांपुरता उरत नाही म्हणूनच. ब्रिटनचा १९९८चा स्पर्धा कायदा २०११ पासून जमिनीच्या करारांनाही पूर्णपणे लागू झाला असून, स्पर्धा रोखणाऱ्या कराराचा लाभ ग्राहकांना रास्त प्रमाणात मिळतो आणि त्यासाठी ते बंधन अपरिहार्य आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तो कायदा कराराचा बचाव करणाऱ्यावर टाकतो. करार होताना ज्याला कोणी विचारले नाही, त्या ग्राहकाचे हित येथे प्रथम मोजले जाते.

म्हणून पत्करलेल्या जोखमीचा मोबदला मिळेपर्यंत असे वचन पाळणे हा धर्म आहे. त्यापुढे मात्र ते अजून न जन्मलेल्या ग्राहकांवर लादलेली सत्ता ठरते आणि त्याचा नैतिक अधिकार संपतो.